कोब्याखाली

गच्ची गळायला लागली की माणसं आधी बिल्डरच्या नावाने बोटं मोडतात, मग सोसायटीच्या सेक्रेटरीला धारेवर धरतात, आणि दोघांकडूनही काही होत नाही हे कळलं की कुंडलिक कासारेला फोन लावतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंत निदान दोनशे गच्च्यांवर या माणसाने डांबराचं कातडं चढवलं असेल. ठाकुर्लीच्या चाळीत जन्मला, तिथेच वाढला, आता साठीला दोन वर्षं कमी. उंची बेताची, भुवया गॅसच्या ज्वाळेने कायमच्या विरळ झालेल्या, आणि बोलणं असं की साधी वेळ विचारली तरी समोरच्याला वाटावं, आपलं काहीतरी चुकलं. बहुतेक वेळा चुकलेलं असायचंच म्हणा.

डांबर म्हटलं की लोकांना रस्त्यावरचं आठवतं, पिंपात उकळायचं आणि ओतायचं. गच्चीसाठी आता डांबराची जाड चादर येते, सतरंजीसारखी गुंडाळलेली, मीटरभर रुंद आणि दहा मीटर लांब. मेंब्रेन म्हणतात तिला. एक गुंडाळी चौथ्या मजल्यावर चढवायची तर दोन माणसांचे खांदे भरून येतात. पण चादर घालणं हे फार पुढचं काम. आधी गच्ची खरवडायची, भेगा भरायच्या, कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई द्यायची, कारण डांबराची चादर काटकोनात मोडली की तिथेच तडकते. मग स्लॅब सुकू द्यायचा. कुंडलिक संध्याकाळी प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी स्लॅबला चिकटवून जायचा आणि सकाळी उचलून बघायचा. आतून दव धरलं असेल तर काम बंद, मग अध्यक्ष नाचो नाहीतर लोळो. कोरडं असलं तरच प्राइमर, म्हणजे डांबराचंच काळं पातळ पाणी, ब्रशने मारायचं. ते बोटाला लागेनासं झालं की गॅसची बंदूक पेटवायची. जिकडे पाणी उतरतं त्या सखल बाजूने सुरुवात. चादरीची खालची बाजू चकाकेपर्यंत तापवायची आणि पायाने गुंडाळी पुढे ढकलत जायची. पुढची पट्टी आधीच्या पट्टीवर चार इंच चढली पाहिजे, आणि जोडातून वितळलेल्या डांबराची बारीक कड बाहेर आली पाहिजे. कड नाही आली तर कुंडलिक तिथेच उकिडवा बसून गवंड्याच्या गरम करणीने जोड उकलायचा आणि पुन्हा बसवायचा. शेवटी पाणी जायच्या नळ्यांची तोंडं बांधायची, गच्चीवर दोन दिवस पाणी भरून ठेवायचं, आणि खालच्या घरात छताला डाग आला नाही तरच वरून सिमेंटचा कोबा घालायचा.

हा कोबा होईपर्यंत गच्चीवर कुणी पाऊल टाकायचं नाही, हा कुंडलिकचा कायदा. उन्हात डांबर लोण्यासारखं मऊ होतं. नौपाड्यातल्या एका सोसायटीचे प्रभाकर म्हणून निवृत्त गृहस्थ एकदा भर दुपारी परात घेऊन जिन्यात उभे राहिले. म्हणाले, "अहो, चार कुरडया वाळत घालायच्या आहेत फक्त."

"घाला की. पण तुम्ही वर यायचं नाय."

"मग कुरडया काय उडत जाणार आहेत?"

"ते तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून कुंडलिकने गच्चीच्या दाराला आतून कडी घातली होती. त्या सोसायटीत हा किस्सा अजून सांगतात. सांगताना त्याला खडूस म्हणतात आणि लगेच म्हणतात, पण गच्ची एक थेंब गळली नाही.

त्याच्या हाताखाली मंजुळा अकरा वर्षं होती. मानपाड्याला खोली, नवरा गेलेला, पायल नावाची मुलगी, ती आता नर्सिंग शिकते. मंजुळा आली तेव्हा नुसती घमेली उचलायची. मग झाडायला लागली, मग भेगा भरायला, आणि पुढे प्राइमरचं काम तिच्याशिवाय कुणाला द्यायचंच नाही असं ठरून गेलं. ती ब्रश असा फिरवायची की नखाएवढी जागासुद्धा सुटत नसे. शेवटच्या दोन वर्षांत तर कुंडलिकने तिच्या हातात बंदूकही दिली होती. "माझ्याकडे बाई पट्टी जाळते," असं तो जिथे तिथे फुशारकीने सांगायचा. ती त्याला दादा म्हणायची आणि त्याच्या शिव्यांचं मनावर घ्यायची नाही.

अशा माणसाच्या हातून जे झालं, ते कुठल्या परक्याच्या गच्चीवर झालं असतं तर मी ते सांगत बसलो नसतो. ते झालं त्याच्या स्वतःच्या विहारावर.

मानपाड्याच्या बाजूला वस्तीने उभं केलेलं विहार आहे. खाली बुद्धवंदनेचा हॉल, वर मुलांची अभ्यासिका. गेल्या वर्षी उन्हाळ्यात कुंडलिक म्हणाला, गच्ची माझ्याकडे लागली, श्रमदान. मंजुळाही आली. दोघांनी नेहमीच्या शिस्तीत सगळं केलं. प्लास्टिक चिकटवून बघितलं, खडखडीत कोरडं निघालं, तेव्हाच मंजुळाने प्राइमर मारला. चादर घालून संपली तेव्हा बुद्धपौर्णिमा तीन दिवसांवर आली होती. दोन दिवस पाणी भरायचं, मग कोबा घालायचा, एवढंच उरलं होतं.

त्या संध्याकाळी विहाराचा सेक्रेटरी सम्यक आला. शिकलेला पोरगा, बँकेत नोकरीला, बोलायला अदबशीर. म्हणाला, "दादा, पौर्णिमेला हॉलमध्ये माणसं मावणार नाहीत. कार्यक्रम गच्चीवर घेऊया का? तिथेच तुमचा सत्कार करू. तुम्ही बनवलेल्या गच्चीवर."

कुंडलिकने नाही म्हणायला हवं होतं. तोंडात आलंही होतं. पण सत्कार हा शब्द कानावर पडला आणि गडी विरघळला. दोनशे गच्च्या कोरड्या केल्या, पण कोरड्या गच्चीचा सत्कार कोण करतो? माणसं गळतीचीच आठवण ठेवतात. अठ्ठावन्न वर्षांत त्याच्या खांद्यावर कुणी शाल टाकली नव्हती. आपल्या माणसांत, आपल्या हाताने केलेल्या गच्चीवर, बायको समोर बसलेली, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्याने "घ्या" म्हणून टाकलं. ज्याने कुरडयांना वाट दिली नाही, त्याने दीडशे खुर्च्यांना दिली.

गच्ची कार्यक्रमाला कोरडी हवी, म्हणून पाणी भरून बघायचं तर राहिलंच. डेकोरेटरची माणसं पौर्णिमेच्या दुपारी तीन वाजता खुर्च्या घेऊन आली. लोखंडी, घडीच्या, पायांची रबरं केव्हाच पडून गेलेल्या. समोर मंचासाठी लोखंडी घोडे आणि त्यांवर फळ्या. मंजुळा तेव्हा खाली बायकांबरोबर खिरीच्या पातेल्यापाशी होती, ती वर आलीच नाही. कुंडलिक दारात उभा राहून बघत होता. त्याला पायाखाली डांबर दबल्याचं कळत होतं. संध्याकाळी शाल मिळाली, फूल मिळालं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. फोटोत तो हसतोय असं सगळ्यांना वाटतं. त्याचं लक्ष पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांच्या पायांकडे आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो एकटा वर गेला. चादरीवर जागोजागी गोल खळगे होते, आणि काही ठिकाणी आरपार भोकं. त्याने बंदूक पेटवून दिसतील तेवढी सगळी बुजवली. मंचाखालची जागा राहिली, कारण डेकोरेटरने फळ्या उचलल्याच नव्हत्या. संध्याकाळी येऊन ती करू, असं म्हणून तो गेला. संध्याकाळी आला तर फळ्या गेल्या होत्या आणि राकेश, वस्तीतलाच गवंडी, तोही श्रमदानातच, त्याच कोपऱ्यापासून कोबा घालायला बसला होता. अर्धी जागा झाकली गेली होती.

"दादा, बघा, तुमच्या आधी हजर," राकेश हसत म्हणाला.

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. थांब रे, खाली भोकं आहेत, काढ तो कोबा. एवढंच. पण ते बोललं की पुढचा प्रश्न आलाच, भोकं कशी पडली? आणि मग काल ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं, की खुर्च्यांना मी होकार द्यायला नको होता, शालीसाठी दिला. घरी ती शाल कांताने, त्याच्या बायकोने, घडी घालून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली होती. कुंडलिक राकेशला म्हणाला, "उतार नीट दे." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याने गच्चीच झाकली.

जुलैत अभ्यासिकेचं छत गळलं. पाणी बरोबर पुस्तकांच्या कपाटावर. स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं फुगून कपाटाची दारं लागेनात. वस्तीतली माणसं जमली, मंजुळा धावत आली आणि बादली-फडकं घेऊन लादी पुसायला बसली. सम्यकने विचारलं, "दादा, तुमचं काम आणि गळलं? असं कसं झालं?"

आरोप नव्हताच तो. त्या पोराला खरंच नवल वाटत होतं. आणि तेच कुंडलिकला सोसवलं नाही. त्याने छताकडे बघितलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "प्राइमर ओल्या स्लॅबवर बसला असणार. चादर धरलीच नाय. मंजुळाने मारलेला."

मंजुळाचा हात थांबला. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि पुन्हा लादी पुसायला लागली. आजूबाजूला कुणीतरी च्यक् केलं. कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसाला कशाला द्यायची असली कामं." कुंडलिकने तेही ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मंजुळा कामावर आली नाही. त्याने बोलावणं धाडलं नाही. विहारातही तिचं येणं बंद झालं. पुढे कळलं, एमआयडीसीत कुठल्यातरी मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरते, उभ्याने, आठ तास. बंदूक चालवणारी बाई. कुंडलिकने गच्चीवर निळी ताडपत्री बांधली आणि पक्कं काम आज करू, उद्या करू म्हणत तो पावसाळा काढला, त्याच्या पुढचाही काढला. पक्कं काम म्हणजे कोबा फोडणं आलं, आणि कोबा फोडला की भोकं दिसणार.

खाई त्याला खवखवे. रविवारी वंदनेला बसलं की पंचशीलातलं चौथं शील यायचं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही. पन्नासेक माणसं एका सुरात म्हणायची आणि कुंडलिकचा आवाज नेमका तिथे बसायचा. तो खोकल्याचं निमित्त करायचा. दर रविवारी, त्याच ओळीला खोकला. शेजारी बसलेल्या कांताला हे कळायला फार रविवार लागले नाहीत.

या दिवाळीनंतर विहाराची बैठक झाली. सम्यकने ठराव वाचला, की गच्चीचं काम पुन्हा कुंडलिकदादांनीच करावं, मात्र या वेळी मंजुळाबाईंना कामावर आणू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुंडलिकनेही डोलावली. घरी येऊन जेवायला बसला.

कांता पोळी वाढता वाढता म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही आजवर कुणाला ओल्या स्लॅबवर प्राइमर मारू दिलाय?"

"नाय."

"मग विहारावर कसा मारू दिला?"

कांताने पोळीचा डबा बंद केला. म्हणाली, "मला काय सांगू नका. जिथे बोललात तिथे सांगा. आणि ती समोर असताना सांगा. मी आणते तिला."

रविवारी कांता सकाळीच रिक्षा करून मंजुळाला घेऊन आली. मंजुळा आत आली नाही, चपला काढतात तिथे दाराशी उभी राहिली. वंदना झाली. कुंडलिक उठला. म्हणाला, "जय भीम. गच्ची मंजुळामुळे नाय गळली. माझ्यामुळे गळली. खुर्च्यांनी, मंचाच्या घोड्यांनी भोकं पडलेली, मला माहीत होतं. मी तिच्यावर ढकललं."

मग राकेश म्हणाला, "दादा, तुमचं मन मोठं आहे."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून. बघा, माणूस असावा तर असा, गरीब बाईची बदनामी नको म्हणून स्वतःवर घेतो. एक म्हातारी तर डोळे पुसायला लागली. सम्यक पुढे होऊन कुंडलिकचा हात धरून म्हणाला, "दादा, आम्हाला कळतं हो. तुम्ही बसा. आम्ही तिला काही बोलणार नाही."

कुंडलिकला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आयुष्यातलं सर्वांत लाजिरवाणं खोटं लोकांनी एका फटक्यात मानलं होतं, आणि आता खरं बोललं तर त्यावर टाळ्या. दाराशी मंजुळा खाली मान घालून तशीच उभी होती. तिच्याकडे बघून तो एकदम ओरडला, "टाळ्या कसल्या वाजवता रे! वर चला. सगळे वर चला!"

आपली छिन्नी-हातोडी घेऊन तो गच्चीवर गेला आणि मंच होता त्या जागी कोबा फोडायला बसला. राकेश मदतीला पुढे झाला, पण कुंडलिकने त्याला एक घाव घालू दिला नाही. हातभर जागा मोकळी झाली. झाडून काढल्यावर काळी चादर दिसली, आणि तिच्यात चार भोकं, गोल, चौकोनात पडलेली, मंचाच्या एका घोड्याच्या चार पायांची. पलीकडे आणखी होती. कुणीतरी हळूच बोट घालून बघितलं.

"हे झालं माझं," कुंडलिक म्हणाला. "आता तिचं बघा." त्याने सुरीने चादरीवर दोन समांतर काप दिले, वीतभर रुंद पट्टी मोकळी केली आणि तिचं टोक गरम करणीने उकलून राकेशच्या हातात दिलं. "प्राइमर ओल्यावर मारलेला असेल तर ही पट्टी सालीसारखी निघून येईल. ओढ."

राकेशने ओढली. पट्टी हलली नाही. त्याने पाय रोवले, सम्यकने मागून त्याची कंबर धरली, आणखी एकाने हात लावला. तिघांनी मिळून हिसका दिला तेव्हा पट्टी मधूनच फाटली आणि तिघेही धपकन बुडावर बसले. दोघं-तिघं हसले. मग सम्यकने राकेशच्या हातातला तुकडा घेऊन उलटा केला. त्याच्या खालच्या अंगाला स्लॅबचं सिमेंट खड्यांसकट उपटून आलं होतं. डांबर सुटलं नव्हतं, सिमेंट सुटलं होतं. हसणं बंद झालं.

सम्यकने तो तुकडा खाली ठेवला आणि कुंडलिककडे बघितलं. तोच मुलगा, पण नजर ती नव्हती. दादा म्हणायला तोंड उघडलं आणि न म्हणताच मिटलं. माणसं हळूहळू मागे सरली. कुंडलिकला बरं वाटत होतं. निदान आता शिव्या मिळतील. सव्वा वर्ष तो मंजुळाच्या शिव्यांची वाट बघत होता. त्या दिवशी ती गप्प राहिली होती, ती आपल्याला पुरतं ओळखून गप्प राहिली, असंच तो धरून चालला होता. चारचौघांत तिने आता तोंडावर थुंकावं, इतपत त्याने मनाची तयारी केली होती.

मंजुळा पुढे आली. भोकांकडे तिने बघितलंही नाही. उकिडवी बसून तिने फाटल्या जागेवर, जिथे प्राइमर अजून सिमेंटला घट्ट धरून होता तिथे, तळवा ठेवला.

"म्हणजे स्लॅब सुकलेला होता, दादा?"

"सुकलेला होता."

"मला तर आठवत होतं सुकलेला. पण तुम्ही बोललात ना, ओला होता म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. ती मेळ लावत होती. "तुमचं कसं चुकेल? मी म्हटलं, मीच प्लास्टिकखाली नीट बघितलं नसेल. पोरांची पुस्तकं गेली माझ्यापायी. पायललाही मी तसंच सांगितलं, की हात भरवशाचा नाय राहिला माझा, म्हणून काम सोडलं."

तिने कुंडलिकला ओळखलं नव्हतं. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

मंजुळाने तळवा उचलला, त्याला लागलेली सिमेंटची पूड बघितली, आणि साधं विचारावं तसं विचारलं, "मग मी काम सोडलं ते कशापायी?"

तिला खरंच उत्तर हवं होतं.